देऊळ, कमान आणि बियाणे

गेल्या वर्षी पावसाळा ओसरल्यावर आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींचा एक गट राळेगणसिद्धी पाहावयास निघाला, तेव्हा त्यांच्यासमवेत आम्हीही गेलो. या जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, आमच्या जिभेवर अजून अहमदनगरच येते) सेवा केलेल्या धर्मगुरूला हे गाव नवे नसते. सेमिनरीत असताना आम्हांस एकदा तेथे नेण्यात आले होते आणि परतल्यावर पाहिलेल्या गावाविषयी निबंध लिहावा लागला होता. त्या निबंधात आम्ही बंधाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले आणि माणसांविषयी थोडे, एवढे स्मरते.

या खेपेस आमची मंडळी संत यादवबाबांच्या देवळासमोर उभी होती. किसन बाबुराव हजारे, म्हणजे अण्णा, सैन्यातून परतले, त्यांनी आपल्या फंडाचे वीस हजारांच्या आसपास रुपये या मोडकळीस आलेल्या देवळाच्या दुरुस्तीस घातले आणि तेथून गावाचे दिवस पालटू लागले, ही हकीकत माहिती देणाऱ्या गृहस्थांनी सांगितली. ती ऐकून आमच्यातील एक मुलगी, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, आम्हांस बाजूला घेऊन म्हणाली, "फादर, राग मानू नका. अण्णांनी पैसे शेवटी देवळालाच दिले ना? मग आपल्या चर्चला कमान बांधून द्यायला माणूस तयार आहे, तर तुम्ही दोन महिने गप्प का?"

प्रश्न अडचणीचा होता. आमच्या धर्मग्रामातून पंचवीस वर्षांपूर्वी फिटर म्हणून चाकणला गेलेला एक मुलगा आज स्वतःच्या कारखान्याचा मालक आहे. साठ माणसे त्याच्याकडे कामाला आहेत. वडिलांच्या स्मरणार्थ चर्चच्या आवाराला दगडी कमान बांधून द्यावी अशी त्याची इच्छा आहे. रक्कमही त्याने कळविली आहे आणि ती लहान नाही. आम्ही त्यास होकार दिला नव्हता, आणि नकार देण्याचे धैर्यही आम्हांस झाले नव्हते. मुलीला आम्ही देवळासमोर काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसले आणि खरे सांगावयाचे तर ते आम्हांसही पटले नव्हते. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घोळतो आहे. ज्याचे हात वर पोहोचले आहेत त्याने आपल्या मातीला काय परत द्यावे, आणि कसे?

प्रथम देवळाकडेच पाहू. पारनेर तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेत आहे. 1972च्या दुष्काळानंतर त्याची अवस्था आसपासच्या कोणत्याही गावासारखीच होती: पाण्यावाचून पडून राहिलेली जमीन, सावकाराचे देणे, कामासाठी परगावी जाणारी माणसे आणि जागोजागी हातभट्ट्या. त्या भट्ट्यांना जळण हवे म्हणून देवळाचे लाकूडसुद्धा गावाने काढून नेले होते, असे सांगतात. अण्णा सैन्यात वाहनचालक होते. 1965च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या सोबतचे जवान पडले आणि ते वाचले. हे उरलेले आयुष्य कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून होता. 1975 साली ते गावी परतले. हातात फंडाची ती रक्कम. त्या काळी त्या पैशात जमिनीचा तुकडा किंवा एखादी विहीर सहज झाली असती.

त्यांनी देऊळ निवडले. भक्ती त्यात होतीच. परंतु त्या गावात सर्वांना बसता येईल अशी जागा तेवढीच होती, हेही तितकेच खरे. देऊळ उभे राहू लागले तसे कोणी लाकूड दिले, कोणी अंगमेहनत दिली, तरुणांचे मंडळ झाले. पुढे दारूच्या भट्ट्या बंद करण्याचा निर्णय झाला तो त्याच देवळातल्या सभेत. 1980 साली धान्य बँक सुरू झाली, तीही देवळातच. ज्यांच्या घरी जास्तीचे पिकले त्यांनी तेथे धान्य आणून ठेवावे, अडलेल्याने न्यावे आणि सुगी झाली की थोडे वाढवून परत करावे. आपल्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना 'वाढीदिढी' हा शब्द ठाऊक असेल. पेरणीच्या तोंडी सावकाराने एक पोते द्यायचे आणि खळ्यावर येऊन दीड पोते उचलून न्यायचे. धान्य बँकेतही घेतल्यापेक्षा अधिक परत करावे लागे, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला व्यवहार सारखाच वाटेल. फरक एवढाच की वाढलेले पोते सावकाराच्या घरी न जाता पुढच्या वर्षी अडलेल्या शेजाऱ्यासाठी त्याच कोठीत पडत होते. परत करणारा भिकारी ठरत नव्हता; तो आता देणाऱ्यांच्या रांगेत आला होता.

म्हणून मुलीच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग असा सुटतो: अण्णांचा पैसा देवळात गेला खरा, पण तो देवळात थांबला नाही.

परंतु येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण राळेगणची कथा सांगताना ती बहुधा गाळली जाते. वीस हजार रुपयांनी आणि चांगुलपणाने डोंगरावरचे पाणी अडत नाही. ते कसे अडवावे हे राळेगणने दुसऱ्याकडून शिकून घेतले, आणि तो दुसरा माणूस पुण्याचा एक कारखानदार होता.

विलासराव साळुंखे हे शिक्षणाने अभियंते. पुण्यात त्यांनी ॲक्युरेट इंजिनिअरिंग ही कंपनी उभी केली होती व ती उत्तम चालली होती. 1972च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात शेतकरी बायाबापडे रस्त्याच्या कडेला खडी फोडताना त्यांनी पाहिली. खडी आपणही पाहिली आहे. गाडीच्या खिडकीतून पाहिली आणि पुढे गेलो. साळुंखे थांबले. 1974 साली नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली, पत्नी कल्पनाताईंसह तेथे काम सुरू केले आणि आपल्या कारखान्यातून आलेले भांडवल, त्याहीपेक्षा कारखान्यातून आलेली मोजमापाची सवय, त्या माळरानावर खर्च केली. उतार मोजला, बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर काढली. हिशेब ठेवला. ज्या माळावर काही उगवत नव्हते तेथे पीक उभे राहिले तेव्हा आजूबाजूचे शेतकरी आपणहून पाहावयास येऊ लागले.

येथपर्यंतची गोष्ट एखाद्या दानशूर उद्योगपतीची झाली. खरा विचार पुढे आहे. शेतकरी जेव्हा म्हणाले की आम्हांलाही असेच करून द्या, तेव्हा साळुंख्यांनी त्यांच्यापुढे नियम ठेवले. त्यातून 'पाणी पंचायत' निघाली. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी स्वतः उभा करावयाचा. एकूण खर्चाचा निम्मा भाग सरकारी अनुदानातून आणि तीस टक्के त्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्जाऊ. पाणी जमिनीच्या मापाने मिळावयाचे नाही, तर घरातील माणसांच्या मापाने: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकले जाणार नाही. आणि ऊस लावावयाचा नाही. साखर कारखान्यांच्या मुलुखात हे शेवटचे कलम सांगावयास छाती लागते.

अण्णांनी हे काम पाहिले, साळुंख्यांकडून समजून घेतले आणि आपल्या गावच्या मापाने राळेगणात आणले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रे गावाची म्हणून प्रसिद्ध आहेत. सामाईक विहिरी, पाण्याची वाटणी, पाणी खाणाऱ्या पिकांना नकार, यांत मात्र नायगावचा हात ओळखू येतो. साळुंखे 2002 साली वारले. ज्या माणसाच्या नावावर राळेगणची इमारत थोडीशी तरी उभी आहे त्याचे नाव आमच्या गटातील एकाही मुलाला ठाऊक नव्हते. आम्ही हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. बी जमिनीखाली असते, एवढेच.

आजकाल वर्तमानपत्रांतून 'स्टार्टअप' हा शब्द फार दिसतो. नव्या कल्पनेवर उभा राहिलेला लहान उद्योग, असा त्याचा अर्थ. असे उद्योग एखाद्या प्रदेशात एकामागून एक का उगवतात आणि शेजारच्या प्रदेशात का उगवत नाहीत, याचा विचार करणारे लोक सांगतात की पहिला यशस्वी झालेला माणूस काय करतो यावर पुष्कळ अवलंबून असते. कॅलिफोर्नियात 1957 साली आठ तरुण शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. त्यांच्यापैकी युजीन क्लायनर यांनी पुढे, 1972 साली, नव्या उद्योगांना भांडवल देणारी संस्था काढली. त्याच फेअरचाइल्डमध्ये आणि नंतर इंटेलमध्ये नोकरी करून श्रीमंत झालेले माइक मार्क्युला हे 1977 साली दोन पोरसवदा मुलांच्या संगणक कंपनीत अडीच लाख डॉलर घालून बसले. नुसते पैसे घालून ते थांबले नाहीत. धंदा कसा चालवावा हे शिकविण्यासाठी स्वतः तेथे राबले. ती कंपनी म्हणजे ॲपल. इकडे पुण्यात 1990 साली पर्सिस्टंट सिस्टिम्स स्थापन करणारे आनंद देशपांडे यांनी लहान उद्योजकांना हात देण्यासाठी देआसरा फाउंडेशन उभे केले. अमेरिकेत दूरसंचार उद्योगात यश मिळविलेले गुरुराज देशपांडे हुबळीकडे वळले. वसईच्या वाचकांना तर इतके दूर जावयास नको: 1918 साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी बॅसिन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला तेव्हा स्टार्टअप हा शब्द कोणाच्या स्वप्नातही नव्हता, परंतु आपल्या माणसांच्या हाती आपलेच भांडवल असावे हा विचार तोच होता.

मार्क्युला आणि साळुंखे यांना आम्ही एका ओळीत बसवितो आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. एकाने नफ्यासाठी केले, दुसऱ्याने लोकांसाठी. फरक आहेच व तो लहान नाही. तथापि दोघांनी एक गोष्ट सारखी केली. आपल्या यशाचा कस त्यांनी अशा ठिकाणी लावला जेथे तो बुडण्याची शक्यता होती. कमानीत पैसा बुडत नाही. म्हणूनच कमान देणे सोपे असते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत या विचाराला जुनी जागा आहे, जरी आम्ही धर्मगुरू प्रवचनातून ती क्वचितच दाखवितो. संत थॉमस अक्वायनस यांनी औदार्य आणि महौदार्य असे दोन सद्गुण वेगळे मांडले आहेत. मोठे काम मोठ्या खर्चाने आणि उत्तम रीतीने सिद्धीस नेणे, हा दुसरा. 1931 साली परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात हाच धागा उचलला. गरजेपेक्षा अधिक असलेले उत्पन्न लोकांना कामाची संधी मिळेल आणि त्यांच्या हातून खरोखर उपयुक्त वस्तू निर्माण होतील अशा रीतीने गुंतविणे, हे त्या महौदार्याचे आपल्या काळाला साजेसे रूप होय, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. 1991 साली दुसरे जॉन पॉल यांनी 'चेन्तेसिमुस आन्नुस'मध्ये आणखी एक पाऊल टाकले: भांडवल या ठिकाणी घालावे की त्या ठिकाणी, या धंद्यात की त्या, हा निर्णय नेहमीच नैतिक आणि सांस्कृतिक निर्णय असतो. धान्याचा व्यापार करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना आम्ही हे वाक्याचे सार ऐकविले तेव्हा ते म्हणाले, "फादर, म्हणजे आता बँकेत ठेव ठेवतानाही कबुलीजबाब द्यायचा काय?" आम्ही हसलो, पण त्यांचा विनोद परिपत्रकाच्या अर्थापासून फार लांब नव्हता. मालकाने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आपण दर वर्षी ऐकतो. त्याने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. तो भ्याला होता.

भिक्षादान कमी प्रतीचे, असे कोणी यातून समजू नये. उपाशी माणसापुढे पाणी पंचायतीचे नियम वाचून दाखविणारा धर्मगुरू नरकाला जवळचा. पण भूक भागली की दुसऱ्या दिवशी त्या माणसाला हाताला काम हवे असते, आणि ते उभे करण्यास भांडवल, ओळख, अनुभव आणि थोडा काळ धीर धरणारा कोणीतरी लागतो. ही चौथी वस्तू सर्वांत दुर्मिळ. बँका पहिली देऊ शकतात. चौथी सहसा तोच देतो जो स्वतः कधीतरी तळाशी होता.

राळेगणातून हे बी पुढे कसे गेले ते पाहा. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचे पोपटराव पवार पदव्युत्तर शिक्षण घेऊन 1989 साली गावचे सरपंच झाले. त्यांच्यासमोर राळेगणचे उदाहरण तयार होते. राज्य शासनाने आदर्श गाव योजना काढली ती राळेगणच्या सूत्रांवर, आणि हिवरे बाजार तिच्यात आले. मात्र पवारांनी नुसती नक्कल केली नाही; शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी आणि दर वर्षी पाऊस मोजून गावाच्या पाण्याचे अंदाजपत्रक मांडणे, ही त्यांची भर. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती 2020 साली. मुंबई-पुण्याला गेलेली कितीतरी कुटुंबे त्या गावी परतली.

दुसरी फांदी आपल्या घरातली आहे. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून या जिल्ह्यात दीर्घ काळ काम केले. जर्मन सरकारचे साहाय्य आणि नाबार्ड यांना एकत्र आणून त्यांनी इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम घडविला, आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटर ही संस्था स्थापन केली. ज्या कार्यक्रमाच्या पाठीशी परदेशाचा पैसा आहे त्यात गावाकडे फक्त हात पुढे करण्याचे काम उरते, असा आपला अनुभव. फादर बाखरांच्या कार्यक्रमात आधी गावाने श्रमदान करून दाखवावयाचे, चराई आणि कुऱ्हाड बंद करावयाची, मगच पैसा. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत काही फादर मंडळी या अटींना कठोर म्हणत. गरिबाकडून आणखी घाम कशाला मागायचा? आता आम्हांस वाटते की नायगावचा वीस टक्क्यांचा हिस्सा आणि हे श्रमदान या दोहोंच्या मुळाशी एकच आदर आहे. तुझ्याजवळही देण्यासारखे काही आहे, असे ते समोरच्याला सांगतात.

आता वजाबाकीची बाजू. ती टाळून हा लेख लिहिला तर तो लेख न राहता जाहिरात होईल.

जो पेरतो त्याला शेत आपलेच वाटू लागते. राळेगणात दारू न सोडणाऱ्यांना देवळासमोर खांबाला बांधून मारले गेले. अण्णांनी हे कधी लपविले नाही. आई लेकराला मारते तसे हे, असे समर्थनही त्यांनी केले. या समर्थनाशी आम्ही सहमत नाही. प्रौढ माणूस कोणाचेही लेकरू नसतो, आणि ज्या क्षणी उपकारकर्ता आपणास आई समजू लागतो त्या क्षणी उपकाराची फळे किडू लागतात. दीर्घ काळ गावाच्या पंचायतीची निवड एकमताने, मतदानावाचून होत आली. हिवरे बाजारचेही तसेच. एकमत ही सुंदर गोष्ट आहे, पण ज्याला वेगळे म्हणावयाचे आहे त्याने ते कोठे म्हणावे? जानेवारी 2021 मध्ये दोन्ही गावांत अनेक वर्षांनी मतदान झाले तेव्हा काहींनी हळहळ व्यक्त केली. आम्हांस ते गाव मोठे झाल्याचे लक्षण वाटले.

याच जिल्ह्यात 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनी आपापले भाग घेतले, आणि उसाच्या पैशातून पुढे शाळा, महाविद्यालये, रुग्णालय निघाले. त्या पाठोपाठ जिल्ह्यात एकेक कारखाना होत गेला, हे याच विषयाचे केवढे मोठे उदाहरण! तरीही पुढच्या काळात महाराष्ट्रात सहकाराचे काय झाले आणि सभासदाच्या मताला किती किंमत राहिली, हे वाचकांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. संस्थापकाने पैसा परत आणला, बुद्धी परत आणली, शाळा दिल्या. चाव्या मात्र दिल्या नाहीत, असे पुष्कळ ठिकाणी घडले. साळुंख्यांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. त्यांनी नियमच असे केले की पाण्यावर कोणाचीही, त्यांची स्वतःचीसुद्धा, मालकी बसू नये.

आता आमचे स्वतःचे सांगतो. बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, आम्ही नवे धर्मगुरू होतो. तेथेही असाच एक सज्जन दाता होता आणि तेथेही त्याला काहीतरी बांधून हवे होते. लुर्द मातेची गुहा. त्याच सुमारास आयटीआय झालेला एक मुलगा आमच्याकडे आला. त्याला वेल्डिंगचे यंत्र घ्यावयाचे होते, चाळीस हजार कमी पडत होते, बँकेने तारण मागितले होते आणि त्याच्या वडिलांच्या नावावर एक शेळी व दोन खोल्या होत्या. आम्ही त्या दात्याशी बोलावे, अशी त्याची विनंती. आम्ही बोललो नाही. गुहेचे काम अडेल, दाता दुखावेल, पोराने पैसे बुडविले तर आमचे तोंड काळे होईल, असे तीन विचार मनात आले आणि तिन्ही विचार आमच्याविषयीचे होते. मुलगा काही दिवसांनी गाव सोडून गेला. त्याच्या आईने आम्हांस कधी बोल लावला नाही; दर रविवारी ती मिस्सानंतर त्या गुहेपुढे मेणबत्ती लावी. गुहा सुंदर आहे. लोक तेथे प्रार्थना करतात, आणि त्या प्रार्थनांचे मोल आम्ही चाळीस हजारांच्या तराजूत घालणार नाही. तो मुलगा कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा देवळासमोर विचारलेल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे आम्ही गप्प का, याचे उत्तर कमानीत नाही; ते आमच्या जुन्या भित्रेपणात आहे. मुलाने बापाची आठवण दगडात कोरावी यात गैर काय? बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबला. त्याचे नाव चर्चच्या वाटेवर सर्वांना दिसावे, ही इच्छा आम्हांस परकी वाटत नाही. तिला क्षुद्र म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

राळेगणहून आल्यावर तीन आठवड्यांनी ते गृहस्थ आईला भेटावयास गावी आले होते, तेव्हा आम्ही त्यांना चहाला बोलाविले आणि धीर करून सगळे सांगितले: नायगाव, वीस टक्के, बिनव्याजी तीस टक्के, धान्याची कोठी. आपल्या धर्मग्रामात आयटीआय झालेली अकरा मुले आहेत, त्यांपैकी दोघे-तिघे स्वतःचे काही सुरू करू शकतील. पैसा थोडा लागेल, पण महिन्यातून एक शनिवार तुम्ही स्वतः यावे लागेल, हेही सांगितले. धर्मग्रामाच्या समितीने हिशेब ठेवावा, आम्ही त्यात नसावे, हे आमचे मत.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग विचारले, "फादर, पोरांनी पैसे बुडवले तर?"

"काही बुडतील," आम्ही म्हणालो.

ते बराच वेळ बशीतल्या चहाकडे पाहत राहिले. "माझा पहिला लेथ मी एका मारवाड्याच्या भरवशावर घेतला होता," ते म्हणाले. "त्याने लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने: "शनिवार जमणार नाही. रविवारी मिस्सानंतर बघू."

जाताना त्यांनी पिशवीतून गुंडाळलेला कागद काढून टेबलावर ठेवला. कमानीचा नकाशा होता. त्यांच्या कारखान्यातल्या मुलानेच काढलेला, अगदी नेटका, प्रत्येक दगडाचे माप घातलेला. "हाही राहू द्या," ते म्हणाले. तो आमच्या कपाटात आहे. समितीची बैठक सणानंतरच्या पहिल्या रविवारी ठेवली आहे, आणि वाणिज्य शाखेच्या त्या मुलीला हिशेबाची वही आणावयास सांगितले आहे.